मोटारीचे नजरेआडचे कोपरे



शाळेंत असतांना दर सोमवारीं मी मुलांची स्वच्छता तपाशीत असें. पुष्कळ मुलें तोंड लख्ख धुऊन व केंसांस तेल चोपडून येत. मी मात्र त्यांच्या कानांमागें व नखांखालीं पाहात असें. मळ दडून बसतो तो तेथें. परंतु स्वतःच्या मोटारीकडे पाहतांना ही दृष्टि मला राहिली नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त मला भोगावें लागलें. त्या अनुभवावरून आज मोटारीच्या रंगाच्या अवघड जागा कशा स्वच्छ ठेवाव्या, याविषयीं चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

निवृत्त झाल्यावर मीं एक जुनी मोटार घेतली. आमचें गांव कोंकणांत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रोज सकाळीं मी कोरड्या फडक्यानें तिचा टप व दारें पुशीत असें. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका दाराच्या खालच्या कडेस रंगाला फोड आलेला दिसला. नखानें टोकरतांच पापुद्रा सुटला व तांबूस चुरा गळूं लागला. गॅरेजवाल्यानें दाराचें आंतील अस्तर काढून तळांतून ओंजळभर गाळ उपसला व म्हणाला, "मास्तर, गाडीचें तोंड रोज पुसलेंत, पाय कधीं पाहिले नाहींत." पत्रा कापून नवा जोडावा लागला आणि माझें दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन त्यांत गेलें.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. तथापि गंजाचें कारण समजण्यास तेवढी विद्या पुरते. लोखंडास पाणी व हवेंतील प्राणवायु मिळाले कीं गंज चढतो. त्यांत मीठ मिसळलें कीं ही क्रिया झपाट्यानें होते. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. कारखान्यांत मोटारीचा सांगाडा रंगाच्या कुंडांत बुडवून विजेच्या साह्यानें त्यावर पहिलें अस्तर चढवितात. मग रंगाचे थर व शेवटीं पारदर्शक लेप देतात. हें सारें कवच बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतकें जाड असतें. दाराच्या कडेस बाहेरचा पत्रा आंतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या घडींत पाणी मुरतें आणि चिखल तें ओल्या पोटिसाप्रमाणें धरून ठेवतो. वरचा पत्रा उन्हानें तासाभरांत वाळतो. ही घडी मात्र दिवसचे दिवस ओली राहते.

अशा जागा ध्यानांत ठेवाव्या: दारांच्या खालच्या कडा व उंबरठे, चाकांवरील कमानींची आंत वळलेली कड, पेट्रोलच्या झांकणाची खोबण, नंबरपाटीची मागील बाजू, वायपरखालची पन्हळ, आरशांचे सांधे, रबरी पट्ट्यांच्या कडा आणि मोटारीच्या नांवाचीं अक्षरें.

आतां कृति. मोटार सावलींत उभी करून पत्रा निवूं द्यावा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. वायपरखालचीं पानें हातानें उचलून काढावीं, नाहीं तर तीं पाण्याबरोबर आंत जाऊन निचऱ्याची वाट बुजवितात. मग साध्या पाण्यानें चिखल भिजवावा. माझ्याप्रमाणें कोरडी धूळ पुसूं नये. तींतील वाळूचे कण लेपावर ओरखडे काढतात. दोन बादल्या घ्याव्या: एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या शांपूचा फेंस, दुसरींत फडकें विसळण्याचें पाणी. टपापासून खालीं यावें. कमानींचें व उंबरठ्यांचें फडकें निराळें असावें.

खांचांसाठीं रंगाऱ्याचा मऊ केंसांचा कुंचला उत्तम. त्याच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती रंगास घासणार नाहीं. कुंचला फेंसांत बुडवून हलक्या हातानें फिरवावा. तोही जेथें शिरत नाहीं, तेथें मऊ दांतब्रश किंवा चपट्या लांकडी काडीस गुंडाळलेलें फडकें चालवावें. यंत्राची जोराची धार रबरी पट्ट्यांवर व उडालेल्या रंगाच्या कडेवर जवळून मारूं नये.

दारांच्या तळाशीं बारीक भोंकें असतात, त्यांकडे विशेष लक्ष द्यावें. कांचेच्या फटींतून आंत उतरलेलें पाणी तेथूनच बाहेर पडतें. माझ्या दारांचीं हींच भोंकें बुजलीं होतीं. तीं प्लास्टिकच्या बारीक काडीनें मोकळीं करावीं. तारेनें रंग खरचटतो व गंजास नवें दार उघडतें.

धुण्याइतकेंच वाळविणें महत्त्वाचें. दारें व डिकी उघडून कडा पुसाव्या. अक्षरांमागील व आरशांच्या सांध्यांतील पाणी सायकलच्या पंपानें फुंकून काढतां येतें. मग गाडी थोडी चालवून, ओघळलेलें पाणी पुन्हा टिपावें. रंगाचा टवका उडालेला आढळल्यास जागा पूर्ण वाळल्यावर तेथें त्याच रंगाचा ठिपका लावावा.

हें सारें आठवड्यांतून एकदां, आणि समुद्रकांठच्या किंवा चिखलाच्या प्रवासानंतर त्याच दिवशीं करावें. अर्धा-पाऊण तास फार नव्हे. आतां मी मोटार धुऊन झाली कीं खालीं बसून दारांचे तळ पाहतों. शेजारचीं मुलें हंसतात. परंतु हंसणाऱ्यांपैकीं एक मुलगा परवां माझ्याकडून कुंचला मागून घेऊन गेला, हें सांगावयास मला संतोष वाटतो.