टक्का कुठल्या रकान्यात?

बँकेतल्या पगारवाढीची बातमी एका आकड्यात मावते. ८ मार्च २०२४ रोजी बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या आणि शाखाशाखांत ‘१७ टक्के’ पोचले. आधीच्या करारात १५ होते. संघटनेच्या जिल्हा कार्यालयात बसून मी सभासदांना नव्या पगाराचे तक्ते मांडून द्यायचो. टक्का किती मिळाला यापेक्षा तो कुठल्या रकान्यात पडला ते आधी बघावे, हे मी त्या तक्त्यांवरून शिकलो.

पूर्वी आमचे पगार लवादाच्या निवाड्यांनी ठरत. १९६६ साली पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून जुन्या कराराची मुदत सरत आली की संघटना मागणीपत्र देतात, बँका आपल्या वतीने बोलायचे अधिकारपत्र इंडियन बँक्स असोसिएशनला देतात, आणि बैठका सुरू होतात. त्या किती लांबाव्यात? अकराव्या करारासाठी मे २०१८मध्ये पहिला देकार आला २ टक्क्यांचा. त्याच महिन्याच्या ३० आणि ३१ तारखेला देशभर संप झाला. १५ टक्क्यांवर समझोता व्हायला जुलै २०२० उजाडला.

हा टक्का मूळ पगारावर नसतो, हे नव्या मुलांना दर वेळी समजावून सांगावे लागे. करारात सामील बँकांचा वर्षाचा एकूण पगारखर्च धरतात. बाराव्या वेळी त्याचे १७ टक्के म्हणजे १२,४४९ कोटी रुपये झाले. रक्कम ठरली की वाटणीची ओढाताण सुरू होते, आणि माझ्या मते खरी वाटाघाट तीच.

जुना महागाई भत्ता मूळ वेतनात विलीन करतात. मूळ वेतन एकदम फुगलेले दिसते, पण ते पैसे आधीपासून हातात पडतच होते. त्यावर चढते त्या खऱ्या वाढीला आम्ही ‘लोड’ म्हणतो. दहाव्या करारात लोड होता २ टक्के, अकराव्यात अडीच, बाराव्यात ३. आणि मूळ वेतनाच्या टक्क्यांत मोजला जाणारा वेगळा रकाना, विशेष भत्ता? तो याच तीन करारांत क्लार्कसाठी ७.७५ वरून १६.४ वर आणि तिथून २६.५ टक्क्यांवर गेला.

लोड मूळ वेतनात मुरतो, म्हणून पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही वाढते. विशेष भत्त्यावर महागाई भत्ता मिळतो, पण निवृत्तीच्या हिशेबात तो धरतच नाहीत. बँकांना पेन्शनची तरतूद जड जाते, त्यांना हा रकाना सोयीचा. कामावर असलेल्यांच्या हातात दरमहा जास्त पैसे येतात, म्हणून आमच्या बाजूनेही तो गिळला गेला. २०१५मध्ये हा भत्ता पहिल्यांदा आला तेव्हाच आपण अडून बसायला हवे होते, असे मला अजून वाटते. ७.७५ टक्के तेव्हा लहान दिसले.

अकराव्या कराराचा तक्ता घ्यायला एक हेडकॅशियर आले होते. निवृत्तीला वर्ष राहिलेले. शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मे पेन्शन, हे गणित त्यांना तोंडपाठ. विशेष भत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे पेन्शनला धरणार का हो?”

“नाही, साहेब.”

त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली, त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि उभ्याउभ्याच पुन्हा बेरीज करायला घेतली.