मागची चाकं आपापल्या वाटेनं

पावसाळा सरता सरता कर्जतहून खोपोलीकडे जुन्या मोटारीतून, आणि तेही मागच्या सीटवर बसून गेलेल्याला एक अनुभव हमखास येतो. डावं चाक खड्ड्यात जातं आणि हिसका बसतो तो उजवीकडे बसलेल्या मावशींना. दोष ड्रायव्हरचा नसतो, मावशींच्या वजनाचा तर नसतोच. ॲम्बॅसडर काय किंवा पद्मिनी काय, दोन्ही गाड्यांची मागची चाकं एकाच जाड लोखंडी हौसिंगच्या दोन टोकांना बसवलेली होती. एक चाक खाली गेलं की दुसरं कलंडणारच. बैलगाडीचा आस आणि हे हौसिंग यांची जात एकच. फरक इतकाच, की हौसिंगच्या पोटात डिफरन्शियलचे दाते असतात. हे सगळं धूड पाट्यांच्या खाली, चाकांबरोबर वरखाली आपटत असतं.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. डिफरन्शियल चाकांबरोबर नाचू न देता चॅसीला जखडून टाकायचं आणि तिथून दोन्ही चाकांकडे क्रॉस लावलेले दोन सुटे शाफ्ट न्यायचे. मग डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याची वार्ता नाही. चाकाबरोबर हलणारं वजन घटतं, त्यामुळे टायर रस्ता सोडत नाही. याला इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतात.

आसाला अशी मोकळीक देण्याची युक्ती कर्जत तालुक्याला मोटारींच्याही आधीपासून ठाऊक आहे. १९०७ साली नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. दोन फुटी रूळ, वीस फुटांना एक फूट असा चढ आणि केसातल्या पिनेसारखी वळणं. सहा जोडचाकांचं सरळ इंजिन अशा वळणावर अडकलंच असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीनं पाठवलेल्या चार इंजिनांना सॅक्सनीतल्या क्लिन आणि लिंडनर या दोन अभियंत्यांचे आस बसवलेले होते. आत एक भरीव आस, त्यावर एक पोकळ आस आणि मध्यभागी गोल सांधा. आतला आस इंजिनाच्या चौकटीत ताठ राहायचा, बाहेरचा मात्र रुळाच्या वळणाबरोबर तिरका व्हायचा. इथे प्रश्न खड्ड्याचा नव्हता, वळणाचा होता. पण चाकाला जोर तर मिळावा आणि हालचालीची मुभाही राहावी, हा पेच तोच. या इंजिनांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डोंगर चढला.

आता मोटारींकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तरुण मुलांनी १९३२ च्या फोर्डसारख्या जुन्या, स्वस्त गाड्या उचलल्या, मडगार्ड काढून फेकले, मोठं इंजिन चढवलं आणि त्यांना हॉट रॉड म्हणू लागले. इंजिन पळायला तयार, पण मागचा धडा जुनाच, एकसंध. १९६१ मध्ये इंग्लंडच्या जॅग्वारनं ई-टाइप आणि मार्क टेन या गाड्यांत नवं मागचं सस्पेन्शन आणलं, आणि पुढे भंगारातली जॅग्वार ही हॉट रॉडवाल्यांची हक्काची दाती गाडी ठरली. कारणही तसंच होतं. डिफरन्शियल, ब्रेक, चार स्प्रिंगा, चार शॉकअब्सॉर्बर हे सगळं एका पोलादी पिंजऱ्यात बसवलेलं; रबराच्या चार आधारांवरून तो पिंजरा उतरवला की अख्खा संच हातात. शिवाय पाच बोल्टांच्या वर्तुळाचं माप शेव्हरोलेटच्या चाकांशी जुळतं, हा निव्वळ योगायोग.

पण संच हातात येणं वेगळं आणि गाडीत बसणं वेगळं. जॅग्वार रुंद, जुनी फोर्ड अरुंद. शाफ्ट कापून आखूड केले तर खालचे दांडेही तेवढेच आखूड करावे लागतात, कारण जॅग्वारमध्ये शाफ्ट हाच वरचा दांडा असतो. वरचा-खालचा मेळ बिघडला की चाकं उभी राहतच नाहीत. बारीकसारीक तिरकेपणा शाफ्टच्या आतल्या टोकाला पातळ चकत्या घालून काढता येतो. इंचाची चूक मात्र चकतीनं झाकत नाही. बरेच जण सुबकपणासाठी पिंजरा फेकून डिफरन्शियल थेट चॅसीला आवळतात. मग दात्यांची घरघर गाडीत ऐकू येते. पुढे जाणारे दोन आडवे दांडेही काहीजण जागा नाही म्हणून गाळतात, आणि हा खरा धोका. इंजिनाचा आणि ब्रेकचा सगळा ताण खालच्या दांड्याच्या आतल्या बैठकीवर येतो. त्यात जुन्या फोर्डची चॅसी उघड्या पन्हळीसारखी. आतून पत्रा मारून ती बंद पेटी केल्याशिवाय वेल्डिंगचा टाकाही मारू नये.

ब्रेकचंही असंच. जॅग्वारनं डिस्क चाकात न ठेवता डिफरन्शियलला चिकटून ठेवल्या. वजनाच्या दृष्टीनं उत्तम, पण तिथे वारा कमी. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत बोरघाट ब्रेकवर उतरवला तर ती उष्णता शेजारच्या ऑइल सीलांकडे जाणारच. घाटातल्या माणसानं गिअर टाकूनच उतरावं.

मोकळीक दिली म्हणजे सगळं सुधारलं असंही नाही. मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेरल्डची मागची चाकं स्वतंत्र होती, मात्र शाफ्टला फक्त आतल्या बाजूला सांधा. भर वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू उचलली जाई आणि बाहेरचं चाक आत दुमडू पाही. पुढे १९७२ च्या गॅझेलमध्ये कंपनी मुकाट्यानं एकसंध आसाकडे परतली. मला हा माघारीचा शहाणपणा आवडतो.

आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा खड्डा कागदावरचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, या अटीवर. म्हणजे खालापुरातल्या एखाद्या शेतघराच्या पडवीत आजोबांची गाडी उभी असेल आणि नातवानं तिची चॅसी कापायला घेतली, तर ती फाटकाबाहेर नेता येणार नाहीच, शिवाय तिची व्हिंटेज नोंदही हातची जाईल.

हौस खासगी जमिनीपुरतीच भागवायची असेल, तर तिच्यासाठी भंगारातली वेगळी चॅसी शोधावी. आजोबांच्या गाडीचं हौसिंग उतरवलंच असेल, तर तेही विकू नये. उघड्या भागांना ग्रीस चोपडून, गोणपाटात गुंडाळून, पागोळ्यांपासून दूर फळीवर ठेवावं. कोकणातला एक पावसाळा उघड्या बेअरिंगला पुरेसा असतो.