भेदरलेल्या बोकडाचं मटण

जिवंत बोकडाच्या स्नायूंचा सामू (पीएच) ७च्या आसपास असतो. कापल्यावर त्यांतल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं आणि सामू साधारण ५.६पर्यंत उतरतो. मटणाचा रंग आणि टिकाऊपणा त्यावरच ठरतो. पण ट्रकमधला लांबचा प्रवास, उपास, आरडाओरडा, काठी यांत जनावर ग्लायकोजेनचं हे इंधन आधीच जाळून बसतं. बुजरं असेल तर आणखी लवकर. मग सामू ६च्या वरच अडकतो. मटण काळपट दिसतं, लवकर नासतं. जनावरं भेदरू नयेत म्हणून अमेरिकेतल्या पशुतज्ज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी कत्तलखान्यांतल्या गुरांसाठी वळणदार वाटा आखल्या. लोंबती साखळी, जमिनीवरचा कवडसा, एवढ्यानंही गुरं थबकतात, हे त्यांनी दाखवलं. (आपल्याकडे थबकलेल्या जनावराला आधी रट्टा बसतो!) मटण काळपट दिसलं, तर खाटकाला बोकडाच्या वयाबरोबर तो किती लांबून आला, हेही विचारा.