जस्ती पत्रा, तेलाचे डाग आणि कॉस्टिकचा भ्रम

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या अंगाने पसरलेल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत जस्ती पत्रा कापून, वाकवून विजेच्या पेट्या आणि हवेच्या नळ्या घडविण्याचे काम चालते. आणि जेथे पत्रा दाबयंत्राखाली जातो तेथे त्याला तेल हे लागायचेच. ते काढण्याविषयी एक समज या धंद्यात शिरस्त्यासारखा रूढ आहे, तो असा की धातूला खाते ते आम्ल, अल्क बिचारे निरुपद्रवी. सबब डाग चिवट निघाला तर हौदात कॉस्टिक सोडा बेलाशक वाढवावा.

उघड्या लोखंडापुरता हा समज चालून जातो, परंतु जस्त हा उभयधर्मी धातू असल्यामुळे आम्ल आणि तीव्र अल्क या दोहोंचाही तो सारखाच भक्ष्य होतो. कॉस्टिकच्या कडक द्रावणात जस्ताचे झिंकेट होऊन ते पाण्यात उतरते आणि हायड्रोजन वायू सुटतो. तेव्हा पत्र्यावर उठणारे जे बारीक बुडबुडे 'तेल सुटू लागले' म्हणून कौतुकाने दाखविले जातात, ती वस्तुतः जस्ताच्या प्रस्थानाची वर्दी असते. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूचा थर जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाहूनही पातळ, असतो. एवढ्याशा भांडवलावर ही उधळपट्टी परवडणारी नव्हे. धुण्याच्या द्रावणाचा पीएच ११ ते १२ असावा, १३ च्या वर तर कदापि जाऊ नये.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला. अल्काने तेलाचा साबण होतो हे शाळेत शिकलेले असते, आणि खोबरेल वा चरबी यांच्याबाबत ते सत्यही आहे. पण यंत्रावरचे तेल बहुधा खनिज असते, त्यात साबण होण्याजोगे काही नसतेच, मग सोडा कितीही ओता. ते सुटते ते पृष्ठभागाला ओलावून तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या प्रक्षालकांमुळे, आणि ६० ते ८५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेमुळे. चांगल्या मिश्रणात सोडियम मेटासिलिकेट घालतात, ते अल्कता तर पुरवितेच, शिवाय जस्तावरील हल्ला आवरून धरते. रॉकेलच्या बोळ्याने प्रथम जाड तेल पुसून घेण्यास हरकत नाही, मात्र तेवढ्यावर थांबल्यास डाग जात नाही, पातळ होऊन पसरतो.

पत्रा चकाकला म्हणजे स्वच्छ झाला, हीही अशीच एक समजूत. नव्या जस्ताची चमक हवेत निवते आणि त्यावर जो मंद राखाडी थर जमतो तोच त्याचा खरा रक्षक असतो; आम्ल चोळून आणलेली झळाळी ही त्या रक्षकाची हकालपट्टी होय. स्वच्छतेचा निवाडा पाण्याकडे सोपवावा. धुतलेला पत्रा उभा धरून त्यावर पाणी सोडले असता ते अखंड पडद्यासारखे उतरले तर तेल गेले, आणि पडदा फाटून थेंबथेंब झाले तर तेवढ्या जागी ते अद्याप मुक्काम करून आहे. ही तपासणी भरपूर खळबळून झाल्यावरच घ्यावी, कारण मागे राहिलेला प्रक्षालक पाण्याला फसवून खोटी साक्ष देववितो. बंगळूरच्या विंधनविहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड, त्यामुळे साध्या साबणाने धुणाऱ्याच्या पदरी तेलाऐवजी चुन्याचा चिकट साका पडतो, तो वेगळाच. शेवटी पत्रा पुरता वाळवावा. ओलेच पत्रे एकावर एक रचले तर त्यांच्या फटीत पांढरा गंज धरतो.

उरलेल्या पाण्याबाबतचा भ्रम मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर जातो. आम्ल ओतून पीएच ७ वर आणला की जबाबदारी संपली असे मानतात. परंतु विरघळलेले जस्त हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते ते ९ ते १० च्या सुमारास, म्हणून त्या टप्प्यावर थांबून गाळ वेगळा काढावा लागतो, आणि प्रक्षालकाने धरून ठेवलेले तेलही त्यापूर्वीच फोडून निराळे करावे लागते. पीण्याकडचे सांडपाणी पोटात घेऊन अर्कावतीकडे जाणाऱ्या वृषभावती नदीची दशा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ असावा, त्यात दर लिटरमागे जस्त ५ मिलिग्रॅमहून आणि तेल १० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण दंडक आहे.