नगराध्यक्षपदाची बदलती वाट : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका दशकाचा मागोवा

डिसेंबर २०२५ मध्ये श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव या अहिल्यानगर जिल्ह्यातील नगरपालिकांना तब्बल चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर पुन्हा लोकनियुक्त नगराध्यक्ष मिळाले. या चार वर्षांत नागरी स्वराज्याची किती झीज झाली याचा हिशेब मात्र निकालाच्या गुलालात कोणीही मांडला नाही, आणि म्हणूनच नगराध्यक्षाची निवड कशी होते, त्याच्या हाती काय असते व काय नसते, हे मागे वळून पाहणे आवश्यक ठरते.

राष्ट्रपतीची निवड कोणी करावी हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ ने कायमचे ठरवून दिले आहे. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडावा, हेही अनुच्छेद २४३-सी मध्ये निश्चित आहे. नगराध्यक्षाच्या निवडीची पद्धत मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्य विधिमंडळावर सोपवली. महाराष्ट्रात हा प्रश्न त्या दुरुस्तीच्याही आधीपासून हेलकावे खात होता. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडले, पुढे ती पद्धत मोडीत निघाली, २००१ मध्ये ती परत आली आणि २००६ च्या निवडणुकांपर्यंत पुन्हा गेली. या काळात तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) शहराची नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाली आणि ज्या नगराध्यक्षपदाशी नवनीतभाई बार्शीकर यांच्यासारख्यांचे नाव जोडलेले होते ते पदच तेथून नाहीसे झाले. २००६ नंतर इतर नगरपालिकांत नगरसेवकांनी निवडलेल्या अडीच-अडीच वर्षांच्या नगराध्यक्षांबद्दल विस्ताराने लिहावे असे फारसे नाही. निवडीआधी नगरसेवकांना सहलीला पाठवायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहात उतरवायचे, एवढीच त्या काळाची ओळख उरली.

खरा ऊहापोह व्हायला हवा तो २०१६ पासूनच्या दशकाचा. त्या वर्षी राज्य सरकारने थेट निवड पुन्हा आणली आणि वर्षाअखेरीस झालेल्या निवडणुकांत याच जिल्ह्याने तिच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाखवल्या. संगमनेरात दुर्गा तांबे नगराध्यक्ष झाल्या आणि सभागृहातील बहुमतही त्यांच्याच पक्षाचे राहिले. कोपरगावात मात्र विजय वहाडणे अपक्ष म्हणून निवडून आले व बहुमत इतरांकडे गेले. श्रीरामपुरातही राष्ट्रवादीच्या अनुराधा आदिक नगराध्यक्ष झाल्या, तर सभागृहात काँग्रेसचे संख्याबळ मोठे ठरले. एकाच मतदाराने एकाच दिवशी दोन वेगळे कौल दिले होते आणि तो त्याचा पूर्ण अधिकार होता. अपुरा पडला तो कायदा.

कायद्याने नगराध्यक्षाला दिलेले काम असे : त्याने सर्वसाधारण सभा बोलवावी व तिचे अध्यक्षस्थान भूषवावे, समसमान मते पडल्यास निर्णायक मत द्यावे, स्थायी समितीचे सभापतिपद सांभाळावे, वित्तीय व कार्यकारी प्रशासनावर लक्ष ठेवावे आणि आणीबाणीच्या प्रसंगी एखादे काम तातडीने करण्याचा आदेश द्यावा. अंमलबजावणी मात्र मुख्याधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असते. त्यामुळे शहराने थेट निवडलेला, पण सभागृहात अल्पमतात असलेला नगराध्यक्ष विषयपत्रिकेवर एखाद्या रस्त्याचा किंवा जलवाहिनीचा विषय घेऊ शकतो, त्यावर चर्चा घडवू शकतो, परंतु हात वर झाले की ठराव बहुमताच्याच बाजूने जातो. आणि तो ठराव शहराच्या हिताविरुद्ध वाटला तर कलम ३०८ खाली, म्हणजे ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याच्या जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकाराखाली, दाद मागणे एवढाच मार्ग उरतो. कोपरगावसारख्या शहरात, जिथे नळाचे पाणी गोदावरी कालव्याच्या आवर्तनावर आणि साठवण तलावांवर अवलंबून आहे, तिथे जिल्हाधिकारी कार्यालयात फाइल थांबणे याचा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक असतो. थेट निवडीच्या पुरस्कर्त्यांनी या पेचाचा विचार आधी करायला हवा होता. तो केला गेला नाही, हा त्यांचा मोठा दोष होय.

पण २०२० मध्ये सत्तांतरानंतर आलेल्या सरकारने केलेली दुरुस्ती त्याहून सदोष होती. अधिकारांची फेरवाटणी करण्याऐवजी त्याने मतदाराचे मतच काढून घेतले आणि निवड पुन्हा नगरसेवकांकडे दिली; जुलै २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ती पुन्हा थेट केली. गंमत नव्हे, खेद असा की २०२० च्या पद्धतीने या नगरपालिकांत निवडणूकच झाली नाही. २०२१ च्या अखेरीस मुदती संपल्या, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळला, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगत असतानाही प्रशासक बसले. सभा आणि समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे आले; ज्याने प्रस्ताव ठेवायचा त्यानेच तो मंजूर करायचा, आणि उलट प्रश्न विचारणारा नगरसेवक सभागृहात नाही, अशी अवस्था चार वर्षे चालली. अल्पमतातल्या नगराध्यक्षाची भांडणे ज्यांना असह्य वाटत होती त्यांनी ही शांतता मात्र विनातक्रार सोसली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत घालून दिल्यावर सूत्रे हलली; तरीही २ डिसेंबरचे मतदान काही ठिकाणी २० डिसेंबरवर गेले आणि मतमोजणी २१ डिसेंबरला झाली.

आता थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षांना पाच वर्षांची मुदत आहे, पण सभागृहाचे बहुमत, मुख्याधिकाऱ्याचे नियंत्रण आणि कलम ३०८ यांची जुनी चौकट तशीच आहे. नगराध्यक्ष आणि बहुमत यांच्यात तेढ आल्यास अंदाजपत्रक कोणत्या मुदतीत व कोणी मार्गी लावायचे, हे अधिनियमात स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे, आणि निवडीची पद्धत निदान दोन पूर्ण मुदतींसाठी बदलता येणार नाही अशी तरतूदही विधिमंडळाने केली पाहिजे. अन्यथा पुढील नगराध्यक्ष मतदार निवडतील की नगरसेवक, हे त्या वेळी मुंबईत कोणाचे सरकार असेल त्यावर ठरेल.