सूर्यास्तापूर्वी घरी

दिघीहून आळंदीकडे जाणारा रस्ता दर ज्येष्ठात पालखीच्या गर्दीने भरून वाहतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी मात्र तो मोकळा राहिला. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्यांतील दुसऱ्या वर्षी, एप्रिल महिन्यात, माझी धर्मपत्नी आम्हाला सोडून गेली. निर्बंधांमुळे उठावणाही फोनवरच झाला. पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे हिशेब जुळवले. स्वतःचा दिवस कसा जुळवावा, हे मात्र कळेना.

पार्किंगमध्ये मुलाची जुनी गिअरची सायकल धूळ खात उभी होती. एके पहाटे सामायिक आटोपून ती पुसली, हवा भरली आणि दत्तगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. धाप लागली, पाय थरथरले; पण त्या रात्री कित्येक आठवड्यांनी सलग पाच तास झोप लागली. दुसऱ्या दिवशी आळंदीला इंद्रायणीपर्यंत गेलो. पुढे चाकण, राजगुरुनगर, मंचर असे टप्पे लांबत गेले. वाटेत भोसरीच्या कारखान्यांकडे पहिल्या पाळीला निघालेले कामगार भेटत. हँडलला डबा अडकवून ते शांतपणे पॅडल मारीत असत. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नव्हता. त्यांच्या बरोबरीने जाताना माझे दुःख मला जगावेगळे वाटेनासे झाले.

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाला जगात मोठी परंपरा आहे. १२ जून १८९७ रोजी बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, आणि अट एकच : सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच ते कापायचे. त्यातून ‘ऑडॅक्स’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘धाडसी’. आज याच परंपरेतील ‘ब्रेव्हे’ भारतातही होतात. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास अशी मुदत असते. मधल्या नाक्यांवर ठरल्या वेळेत पोहोचायचे आणि मुदतीत परतायचे, एवढेच. स्पर्धा दुसऱ्याशी नाही, हे मला आपल्या संस्कारांना जवळचे वाटले.

आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेचे अंतर पुरे केले, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून ती निघाली आणि डिसेंबरमध्ये कोलकात्याला पोहोचली. १५९ दिवस, चौदा देश, सुमारे २९,००० किलोमीटर. म्हणजे सरासरी रोज १८० किलोमीटरहून अधिक. त्या प्रवासात कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटले गेले, रशियात बर्फात एकटीने रात्री काढाव्या लागल्या. मला या कथेतील अस्वलापेक्षा स्पेनमधील लुटीनंतरची सकाळ महत्त्वाची वाटते. सर्व काही हिरावल्यासारखे वाटत असताना पुन्हा सायकलवर बसणे, ही त्या मुलीची खरी शक्ती. ते वाचून मी, तिच्या आजोबांच्या वयाचा माणूस, थोडा शरमलो आणि थोडा सावरलो.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पहिले काही महिने मी सायकल चालवीत नव्हतो, घरापासून पळत होतो. रिकामी खुर्ची, देव्हाऱ्यातली तिची जपमाळ, स्वयंपाकघरातील डब्यांवरचे तिचे अक्षर हे काही दिसू नये म्हणून अंतर वाढवीत होतो. नारायणगावला जाऊन-येऊन साधारण सव्वाशे किलोमीटर होतात. तेवढे करून एकदा अंधार पडल्यावर परतलो. ताट झाकून ठेवले होते, पण चौविहाराची वेळ टळली होती. सून हळूच म्हणाली, “पप्पाजी, मम्मीजी तर गेल्याच, आता तुम्हीही घरात नसता. पिंकू रोज विचारते, दादाजी कुठे गेले?”

त्या रात्री उपाशीपोटी झोप आली नाही. पत्नीने काही वर्षांपूर्वी केलेला वर्षीतप आठवला. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा, असे तेरा महिने. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे. सुरुवातीला मी काळजीने विचारले होते, “एवढे लांबलचक वर्ष कसे निभावशील?” ती हसून म्हणाली होती, “वर्ष कोण करतं? मी आजचा उपवास करते. उद्याचं उद्या.” बँकेत मी हजारो कर्जदारांना हेच वेगळ्या भाषेत समजावले होते. मुद्दल पाहून माणूस घाबरतो. हप्ता मात्र भरता येतो. दुःखाचाही एका वेळी एकच हप्ता भरावा लागतो, हे स्वतःवर वेळ आली तेव्हा उमगले.

दुसऱ्या दिवशी नियम घेतला : कितीही अंतर असो, सूर्यास्तापूर्वी घरी, आणि जेवण सर्वांसोबत. गंमत अशी, की हा नियम घेतल्यावर प्रवासातले समाधान वाढले. परतायचे ठिकाण ठरलेले असले, की जाणेही पळणे राहत नाही.

आपल्या आचाराचे पालन करून हा छंद जमतो का, असे अनेक जण विचारतात. जमतो. इतर स्वार उकडलेले बटाटे खातात. मी राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी आणि खाखरे नेतो. उकळून गार केलेले पाणी दोन बाटल्यांत असते. चातुर्मासात जीवजंतू फार, म्हणून लांबचे प्रवास बंद ठेवतो; जवळच्या जवळ, उजाडल्यावरच फिरतो. चाकणच्या बाजूला अवजड कंटेनरची वर्दळ मोठी, म्हणून तिकडे रविवारीच आणि सकाळीच. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत काटकसर करू नये. साठीनंतर प्रथम डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हेही आवर्जून सांगतो.

चातुर्मास संपल्यावर एका सकाळी राजगुरुनगरच्या अलीकडे साध्वीजींचा विहार दिसला. सायकल बाजूला लावून ‘मत्थएण वंदामि’ म्हटले, मांगलिक ऐकले. अनवाणी चालणाऱ्या त्या माउलींपुढे माझ्या किलोमीटरांचा अभिमान गळून पडला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी २०० किलोमीटरची पहिली ब्रेव्हे केली. घरच्यांना विचारून, एका दिवसापुरती नियमात सूट घेऊन. शेवटचे बारा किलोमीटर उरले असताना सूर्य टेकला. रस्त्याकडेला थांबून पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. उरलेले अंतर कोरड्या घशाने कापले. सवासात वाजता पोहोचलो; मुदतीत पंधरा मिनिटे शिल्लक होती. शेवटच्या नाक्यावर मुलगा, सून आणि पिंकू उभे होते. पिंकूने विचारले, “दादाजी, आता घरी?” मी म्हणालो, “हो, आता घरी.”

पत्नीची उणीव सायकलने भरून निघाली नाही. ती निघणारही नाही. पण ते वर्ष एकेका दिवसाने पार पडले. आपल्या कुटुंबांत एखादी ज्येष्ठ व्यक्ती दुःखानंतर मूकपणे बसून असेल, तर तिला उपदेश करू नये. दाराशी सायकल असेल तर टायरमध्ये हवा भरून ठेवावी. सायकल नसेल तर चपला काढून द्याव्या. आणि संध्याकाळी तिच्यासाठी पाटावर ताट वाढून वाट पाहावी.