नाव वयाचं, काम थायरॉइडचं

दहावीतल्या मुलीचं वळणदार अक्षर तीन महिन्यांत ‘कुत्र्याचे पाय मांजराला’ झालं, की घरात आधी मोबाइलचा उद्धार होतो. मग तिचं चिडणं, रात्री टक्क जागणं, ऐन थंडीत पंखा लावणं निघतं. दोन पोळ्या जास्त खाऊनही कुर्ता सैल होतो. ‘वयच तसं आहे,’ असं आजी म्हणते आणि प्रकरण मिटतं. गळ्यातली फुलपाखराएवढी ग्रंथी जास्तीचं हार्मोन ओतते आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

प्रस्तुत लेखिकेला हस्ताक्षरांचं वेड, म्हणून बिघडलेलं अक्षर हे लक्षण तिला सगळ्यांत बोलकं वाटतं. डॉक्टर रुग्णाला हात ताठ पुढे धरायला सांगतात आणि पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवतात. डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. यंत्र नाही, खर्च नाही! रक्ताचा रिपोर्ट मात्र घरच्यांना चकवतो. टीएसएच अगदी कमी आलेला पाहून ‘थायरॉइड कमी झालाय’ म्हणत सुटकेचा श्वास सोडला जातो. खरं तर ग्रंथी बेफाम झाली, म्हणून मेंदूने तिला टीएसएचचा हुकूम पाठवणंच थांबवलेलं असतं.

इतिहास थोडक्यात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजने १८३५ मध्ये, जर्मनीच्या बेसडोने १८४० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. म्हणून एकीकडे तो ‘ग्रेव्हज’, दुसरीकडे ‘बेसडो’. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला डिवचते. मुलांपेक्षा मुलींना तो कितीतरी जास्त होतो.

आता गेल डीव्हर्सकडे वळायलाच हवं. या अमेरिकी धावपटूने १९८८ मध्ये शंभर मीटर अडथळ्यांत देशाचा विक्रम केला आणि त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये ती उपांत्य फेरीतच गारद झाली. वय अवघं एकवीस. वजन घसरलं, केस गळले, डोळ्यांना त्रास झाला. ग्रेव्हजचं निदान व्हायला १९९० उजाडलं. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झाले, पण १९९१ मध्ये पाय इतके सुजले, फोडांनी भरले, की ते कापावे लागतील अशी वेळ आली. पाय वाचले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात तिने शंभर मीटर १०.८२ सेकंदांत जिंकली. दुसरी आली १०.८३ मध्ये, तिसरी १०.८४ मध्ये! अडथळ्यांच्या शर्यतीतही ती पुढे होती. शेवटच्या अडथळ्याला पाय लागला, तोल गेला आणि धडपडत ती पाचवी आली. अटलांटात १९९६ मध्ये शंभर मीटरचं सुवर्ण पुन्हा तिचंच.

अर्थात प्रत्येकीला पदक नको असतं. गणिताच्या तासाला चित्त थाऱ्यावर राहिलं तरी पुरे. ग्रंथीला लगाम घालणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्या मुलांना बहुधा दोन वर्षं किंवा जास्तच घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर आजार उलटण्याची शक्यता मोठी. गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखला, तर त्या थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, हे हॉस्टेलवरच्या मुलीच्या रूममेटलाही ठाऊक हवं. धडधड आटोक्यात येईपर्यंत पीटीच्या तासाला सुट्टी. खरी कुचंबणा वजनाची. आजारात बारीक झालेल्या मुलीचं मैत्रिणी कौतुक करतात. उपचारांनी अंग भरू लागलं, की ती गुपचूप गोळ्या चुकवते. यावर दवाखान्यात क्वचितच बोललं जातं, आणि हे लेखिकेला अक्षम्य वाटतं.

गोळ्यांनी भागलं नाही, तर शस्त्रक्रिया किंवा आयोडीन-१३१. परळला टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइडवरचं काम ही त्याची जुनी ओळख. ग्रंथीला साधं आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही गिळते आणि हळूहळू थंडावते. दर आठ दिवसांनी आयोडीनचा किरणोत्सार निम्मा होतो. काही दिवस घरातल्या तान्ह्या बाळापासून लांब राहायचं. त्यानंतर बहुतेकांना रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची गोळी, जन्मभर.

दिवाळीच्या साफसफाईत अशा मुलीच्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या, तर त्या आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. पानांवर तारखा असतात. अक्षर नेमकं कोणत्या महिन्यात कापायला लागलं, ते तिथे निळ्या शाईत लिहिलेलं असतं.